वरच्या खोलीत कुणीतरी येतं

६ मार्च

ढमे,

तू उत्तर लिहिणार नाहीस हे धरूनच बसले आहे, म्हणजे निदान या खेपेला वाट बघायला नको. आधीची दोन पत्रं वाचलीस की तशीच केराच्या टोपलीत टाकलीस, देव जाणे. पण मला कुणापाशी तरी भडाभडा बोलायलाच हवंय. मावशीशी बोलावं, तर ती अर्ध्यातच म्हणते, "ताई, तुझंच काहीतरी चुकत असेल." सख्खी बहीण, आणि ही भाषा!

वरच्या दोन्ही खोल्या भाड्याने दिल्या आहेत. हो, तुझीसुद्धा. चार वर्षं ती बंद ठेवून मी काय तिची पूजा करणार होते? तुझं सामान खोक्यांत भरून माळ्यावर ठेवलंय, प्रत्येकावर चिठ्ठी लावून.

समोरच्या छोट्या खोलीत मोजणीवाले आहेत. रस्ते मोजायचं काम, पंचेचाळिशीचे, बायकोमुलं गावी. माणूस वाईट नाही, पण बाहेरचं दार नुसतं ओढून घेऊन जातो. शंभरदा सांगितलं, कडी घाला, कुणीही आत शिरेल. "हो ताई" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. चिखलाचे मोजे कठड्यावर वाळत घालतात ते वेगळंच. शेवटी जिन्यात नियमांचा कागद चिकटवला, अकरा कलमं. मोजणीवाल्यांनी तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि खाली सही केली! सही कुणी मागितली होती?

तुझ्या खोलीत एक मुलगी आहे, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. साडेसहाला जाते, चारला येते. गरीब आहे, मान वर करून बोलत नाही. पण एक गोष्ट मला लागली. न्हाणीघरात जाताना सुद्धा खोलीला कुलूप लावून जाते. एवढंसं घर, खाली मी, समोर तो सरळमार्गी माणूस, आणि ही पाच मिनिटांसाठी किल्ली फिरवते. मी काय सराय चालवते?

बरं आहे, माझ्याकडे दुसरी किल्ली असते. परवा तिच्या पांढऱ्या कोटाचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. ती गेल्यावर वर जाऊन चार टाके घातले, कोट परत खुंटीला. तिला बोलले नाही. बोलून केलं की त्याचे उपकार होतात. चाळीस वर्षं लोकांच्या उसवलेल्या शिवणी दुरुस्त करतेय, कुणाच्या अंगावर लोंबतं बटण दिसलं की मला घास जात नाही.

आणि तू मात्र एका कागदावरून चार वर्षं अबोला धरून बसली आहेस. तुझ्या कोटाची चेन बसवताना खिशात सापडला, मी मशीनच्या खणात जपून ठेवला, द्यायचा राहिला. माणसाच्या हातून राहतं, बाई.

आई

१९ मार्च

ढमे,

आज हे घाईघाईत लिहितेय. अक्षर वाईट आलं तर त्यामुळे.

लॅबवाली संध्याकाळी खाली आली. बसायला सांगितलं तर बसेना. खूप वेळ टेबलाचा कोपरा नखाने खरवडत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, माझ्या खोलीत कुणीतरी येतं."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. विचारलं, "काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. पण खुर्ची सरकलेली असते. कपाटाचं दार मी उघडं टाकून जाते, आले की बंद. आणि..." मी पाठीवरून हात फिरवला तेव्हा हळूच म्हणाली, "आतल्या कपड्यांना कुणीतरी हात लावतंय. मी लावते तशी घडी नसते."

कळलं ना तुला? असल्या विकृतीचा माणूस माझ्या घरात! तुझे बाबा गेल्यापासून एकटीने हे घर राखलं, कुणाची वाकड्या नजरेने बघायची हिंमत झाली नाही, आणि आता हे. पोरगी रोज दाराला खुर्ची टेकवून झोपते म्हणाली. मी तिला छातीशी धरलं आणि सांगितलं, मी आहे तोवर काळजी करू नकोस.

उद्याच किल्लीवाल्याला बोलावते. बाहेरच्या दाराला साखळी आणि बघायचं भिंग, आणि तिच्या खोलीचं कुलूप नवं कोरं.

बिचारीकडे धड कपडेही नाहीत गं. हूक निखळलेले, सुटलेला पट्टा पिनेने टाचलेला. मागच्याच आठवड्यात मी दोन हूक बसवले आणि पट्टा नीट शिवून खणात परत ठेवला. आणि त्याच कपड्यांना कुणी हात लावावा!

आई

२७ मार्च

ढमे,

कुलूप बदलून सहा दिवस झाले आणि तो अजून येतोय. कुलूप न तोडता! काल लॅबवालीने दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवला होता. चारला आली तर कपटा जमिनीवर पडलेला. ती पायरीवरच मटकन बसली आणि रडायला लागली. मलाही रडू आलं.

किल्लीवाल्याने तीन किल्ल्या दिल्या. एक तिला, एक मला, एक माझ्या डब्यात. तिन्ही जागच्या जागी. मग मी डोकं चालवलं. किल्लीवाला कुलूप बसवत होता तेव्हा जिन्यात कोण उभं होतं? मोजणीवाले. "कुठल्या कंपनीचं आहे हो?" असं विचारतही होते. कुलपाच्या कंपनीशी रस्ते मोजणाऱ्याला काय करायचंय? साबणावर छाप घेऊन किल्ली करतात म्हणे लोक.

त्यांचं जाण्यायेण्याचंही काही ठरलेलं नाही. कधी अकरालाच परततात, म्हणे आज यंत्र बिघडलं. म्हणजे दिवसा घरी कोण? ते.

मी लॅबवालीला हे सांगितलं तर म्हणाली, "मला खात्री नाही काकू. ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना उगाच काही बोलू नका." मी म्हटलं, तू गप्प बस, तू मला लेकीसारखी आहेस.

आज दुपारी ते आले तेव्हा त्यांची बॅग मी दाराबाहेर ठेवली होती. सगळं भरलं होतं, घड्या घालून, मोजेसुद्धा. ते बॅगेकडे बघत राहिले. म्हणाले, "ताई, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. "नाही हो, खरंच नाही माहीत." मग मी जे आहे ते बोलले. मोठ्याने बोलले. कोपऱ्यावरच्या वहिनी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, वाणी दुकानातून बाहेर आला. ऐकू दे की! त्या वहिनीही खोल्या भाड्याने देतात, त्यांना कळायलाच हवं.

त्यांनी बॅग उचलली. जाताना बाहेरच्या दाराची कडी मात्र घातली. आज सुचलं!

सुटले एकदाची. लॅबवालीसाठी दूध गरम करून वर नेऊन दिलं. तिचे डोळे सुजलेले होते. थँक्यू म्हणाली.

आई

४ एप्रिल

ढमे,

मी आता वेडी होणार.

माणूस गेला, आठ दिवस झाले, तरी खुर्ची सरकते! म्हणजे किल्ली त्याच्याकडेच आहे आणि दिवसाढवळ्या माझ्या डोळ्यांदेखत तो माझ्या घरात शिरतोय. मी पुढे मशीनवर असते, मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही. साखळीचा काय उपयोग? ती मी दुपारी घालत नाही, कपडे द्यायला गिऱ्हाइकं येतात.

पोलिसांत जाऊ या म्हटलं तर लॅबवाली म्हणाली, "काय सांगणार? काहीच गेलेलं नाही." मग कॅमेऱ्याचं तिनेच सुचवलं. कॅमेरावाला आला, साठीचा, शिडीवर चढताना माझाच जीव टांगणीला. जिन्याच्या वर बसवलाय, दोन्ही दारं दिसतात. आठवड्याने येऊन सगळं दाखवेन म्हणाला.

आता येच म्हणावं.

तिचा स्वेटर कोपरावर विरलाय, तेवढा रफू करून ठेवते. लोकर बरोबर त्याच रंगाची मिळाली. नशीबच म्हणायचं.

आई

१२ एप्रिल

कॅमेरावाला आला होता. जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून त्याने आम्हा दोघींना आठवडा दाखवला.

पहिल्या दिवशी मी. दुसऱ्या दिवशी मी. हातात स्वेटर. कुलूप काढते, आत जाते, दार लोटते. खाली वेळ दिसते. अकरा मिनिटं. मग बाहेर येते, कुलूप लावते, ओढून बघते. तिसऱ्या दिवशी पुन्हा मी. चौथ्या दिवशी मी खोलीत जाऊन लगेच बाहेर आले आणि कात्री घेऊन परत गेले.

मी कॅमेरावाल्याला म्हटलं, "अहो, हे तर सगळं मीच आहे! यात तो कुठे दिसतोय?"

तो चष्मा पुसायला लागला. लॅबवाली पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "काकू, कुणी पुरुष येतो असं मी कधी म्हटलं होतं?"

"अगं, पण मी तर घरातलीच! मी बटणं लावायला जात होते. तुझा कोट बघ, तुझा स्वेटर बघ. सगळं मी नीट केलंय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय?"

तिने कॅमेरावाल्याला सांगितलं, बंद करा. आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "मी राहीन. पण तुमच्याकडच्या दोन्ही किल्ल्या मला द्या."

माझ्या घराच्या किल्ल्या! माझं घर, माझं दार, आणि कालची आलेली मुलगी मला किल्ल्या मागते. मी कुणाचं काय चोरलंय? टाके घातलेत, टाके! मी नाही म्हटलं. ती उद्या सकाळी जातेय. जाऊ दे. तूही अशीच गेलीस. ज्यांचं करावं तेच असे वागतात.

१३ एप्रिल

ढमे,

कालचं पत्र रागात टपालात टाकलं. परत मिळत नाही, पोस्टमन हसला.

ती गेली. खोली झाडून गेली. खुंटीला पांढरा कोट ठेवून गेली. विसरली असेल म्हणून मी धावत खाली गेले, तर ती रिक्षात बसली होती. म्हणाली, "नको काकू. तो घातला की मला कसंतरी होतं." मी एकेक टाका इतका बारीक घातला होता की उलट्या बाजूलाही दिसत नाही.

घर रिकामं आहे आणि मी सकाळपासून मशीनवर बसून आहे, काहीही न शिवता. एक गोष्ट लिहून टाकते, नंतर लिहिणार नाही.

मोजणीवाल्यांची बॅग भरून खाली आणत होते तेव्हा चौथ्या की पाचव्या पायरीवर मी थांबले होते. त्यांच्या शर्टाचं एक बटण सैल होतं, बॅग भरता भरता मी ते लावलं होतं आणि दोरा अजून माझ्या बोटाला गुंडाळलेला होता. तो दोरा बघून मला कळलं. अगदी लख्ख कळलं, की तिच्या खोलीत कोण जातं. पण सकाळीच मी कोपऱ्यावरच्या वहिनींना सगळं सांगून बसले होते. वाण्यालाही. मग मी दोरा सोडवून टाकला आणि खाली आले. त्यानंतर मी खरंच विसरले. इतकं विसरले की पैसे देऊन कॅमेरा बसवून घेतला.

लॅबवालीने विचारलं, सांगितलं का नाहीत. खरं उत्तर हे आहे, की सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती.

तुझा कागदही द्यायचा राहिला नव्हता. मुलाखतीची तारीख मी वाचली होती. रोज खण उघडून बघत होते, किती दिवस उरले ते. सांगितलं असतं तर तू गेली असतीस.

आई

२१ एप्रिल

ढमे,

मोजणीवाल्यांना शोधून काढलं. कोपऱ्यावरच्या वहिनींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं, माझ्यामुळे. पुढच्या दोन गल्ल्यांतही कुणी खोली दिली नाही. त्यांच्या ऑफिसच्या मागे मोजणीच्या सामानाची खोली आहे, तिपाया, रंगीत काठ्या, साखळ्या. तिथे एका बाकावर राहत होते.

मी दार वाजवलं. बाहेर उभी राहिले. ते आले, मला बघून एक पाऊल मागे सरले. पंचेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस मला भ्यायला! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सांगितलं, मीच होते, कॅमेऱ्यात दिसलं. कॅमेऱ्याच्या आधीच मला कळलं होतं, तेही सांगितलं. ते सांगायला जीभ रेटत नव्हती, पण सांगितलं. माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, जाऊ द्या ताई. तसं काही म्हणाले नाहीत.

म्हणाले, "माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. खोली का सोडली म्हणून तिने विचारलं. तिला काय सांगायचं, हे मला आठ दिवस सुचत नव्हतं. शेवटी छत गळतं म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, परत चला, पायावर डोकं ठेवते. "परत नको," म्हणाले. "पण तुम्ही जिथे जिथे बोललात, तिथे जाऊन बोला."

त्यांच्या बाहीचं बटण तुटलेलं होतं. सुईदोरा माझ्या पर्समध्ये असतोच, हात तिकडे गेलाही. विचारलं, "लावून देऊ का?"

"नको," म्हणाले.

मी पर्स बंद केली. नको ऐकून परत फिरायचं, एवढीच गोष्ट होती. पण रस्ताभर ते बटण डोळ्यांसमोरून जाईना.

मग बोलले. वाण्याकडे चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. कोपऱ्यावरच्या वहिनींच्या दारात. पुढच्या दोन्ही गल्ल्यांत. एकीने चहा विचारला, एकीने तोंडावर दार लावलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही तर घरमालकीण!" मी म्हटलं, हो ना, तेच तर सांगतेय. त्यांना काही ते पटलं नाही. पण आता मोजणीवाले त्यांच्या मागच्या खोलीत राहतात. मला रस्त्यात भेटले तर मान हलवतात, बोलत नाहीत.

आई

२ मे

हे पत्र टपालात टाकलेलं नाही.

तुझा पत्ता मी कसा मिळवला, हे तू कधी विचारलं नाहीस, कारण तू काहीच विचारलं नाहीस. मावशी हात धुवायला आत गेली होती आणि तिची पर्स माझ्या टेबलावर उघडी होती. तुझं पाकीट वरच होतं. मी पत्ता उतरवून घेतला. पाकीट फक्त बाहेरून बघितलं, असं लिहिणार होते. आतलंही वाचलं. दोनच ओळी होत्या. तू मजेत आहेस, ही एक. आणि आईला पत्ता देऊ नकोस, ही दुसरी.

तरी मी पत्रांमागून पत्रं पाठवली. आणि वर रागावत होते, की ही उत्तर का देत नाही. तू दारं बदलून बदलून किती बदलणार होतीस!

काल मावशीला सगळं सांगितलं. ती आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलली नाही. तुझा पत्ता लिहिलेला कागद तिच्या हातात दिला. मला तो पाठ आहे, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. पण आता त्यावर काही पाठवणार नाही. कितीही बोलावंसं वाटलं तरी नाही. आणि वाटणार आहे, रोज वाटणार आहे, ते लपवत नाही. आज सकाळपासून तीनदा वाटलं.

तू येशील का, हेही विचारत नाही. विचारायचं फार मनात आहे.

हे शेवटचं मावशीकडे देते आहे. तिला सांगितलंय, आधी तुला फोन करायचा, आईचं पत्र आहे, देऊ का म्हणून विचारायचं. तू नको म्हणालीस तर फाडून टाकायचं. समजूत घालायची नाही, मी रडले वगैरे सांगायचं नाही.

मावशी पत्रासाठी पर्स उघडून समोरच बसली आहे. आत्ताच म्हणाली, "आणि ती काय म्हणाली, ते तुला येऊन सांगू ना?"

मी म्हटलं, "ते तिलाच विचार. आईला सांगू का, म्हणून."

आई